जाताना पाव, येताना पाऊण

जगात हट्टी माणसं पुष्कळ आहेत, आणि त्यातली निम्मी तरी आमच्या राजुरीत राहत असावीत. पण ज्या वाटेनं गेला त्या वाटेनं जन्मात कधी घरी परत आला नाही असा माणूस मी एकच पाहिला, आणि तो नेमका माझा चुलत सासरा निघाला. सारा गाव त्यांना नाना म्हणतो, म्हणून मीही नानाच म्हणते. सकाळी डेअरीवर दूध घालायला ते डांबरी रस्त्यानं जातात आणि येताना ओढ्यात उतरून, बाभळीच्या काट्यांतून, रिकाम्या किटल्या डोक्यावर धरून येतात. आळेफाट्याला बाजाराला निघाले की जाताना हायवे, आणि येताना मळ्यामळ्यांतून, कुणाच्या तरी कांद्याच्या वाफ्यातून स्कूटर ढकलत. ज्याचा वाफा असतो तो बांधावरून ओरडतो, "नाना, रस्ता केलाय ना राव सरकारनं." नाना हात वर करून म्हणतात, "जाताना वापरला, भाऊ." देवळात ते पुढच्या दारानं शिरतात आणि नमस्कार झाला की मागच्या खिडकीकडे अशा नजरेनं बघतात, की पुजारी आधीच आडवा येतो. एकदा त्या खिडकीचा गज वाकला होता आणि तो कुणी वाकवला हे गावात कुणालाही विचारावं लागलं नव्हतं.

हे खूळ नाही, ही आमच्या घराण्याची रीत आहे, असं नाना म्हणतात. घराण्यात पूर्वी मेंढरं होती. आता सगळे शेतीत पडले, चार मेंढरं राहिली आहेत ती फक्त नानांच्या दारात. "मेंढरू गेल्या वाटेनं माघारी आनलं तर खाईल काय? माती?" ते विचारतात. "जाताना समदं गवत संपवलेलं असतं. येताना दुसरी वाट धराया लागती. माझ्या बापानं धरली, त्याच्या बापानं धरली." यावर काकू, म्हणजे माझ्या चुलत सासूबाई, चुलीपुढून मान न वळवता म्हणतात, "पर तुमी गवत खात न्हाई ना." हा संवाद त्यांच्या लग्नापासून चालू असावा; दोघांनाही आपापली वाक्यं पाठ आहेत. एकदा मढला नात्यातल्या लग्नाला पिकअप भरून माणसं गेली होती आणि गाडीच्या पुढच्या सीटवर चुकून नाना बसले होते. जाताना ओतुरावरून तासाभरात पोचले. येताना नानांनी ड्रायव्हरला काय भारलं कोण जाणे, गाडी जुन्नर, नारायणगाव असा सगळा तालुका दाखवत फिरली. पोरं भुकेनं रडायला लागली, बायकांनी रुखवतातले लाडू फोडले, आणि नाना पुढे बसून मागच्यांना सांगत होते, "बघा की, ह्यो मुलूख कवा बघनार तुमी?"

मला या घरी सून म्हणून आणलं तेही याच रीतीनं. माझं माहेर भंडाऱ्याकडचं, धानाच्या पट्ट्यातलं, म्हणजे राजुरीहून पाहिलं तर महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला. वऱ्हाड आलं ते सरळ आलं: एसटीनं माळशेज उतरून कल्याण, तिथून रेल्वेनं थेट भंडारा. लग्न लागलं, मी रडले, आणि नागपूरच्या स्टेशनावर नानांनी सगळ्यांना खाली उतरवलं. नागपूरहून वर्धा, यवतमाळ, नांदेड, पुढे परभणी, बीड, नगर, असं एका एसटीतून दुसऱ्या एसटीत ते वऱ्हाड राजुरीला आलं. नववीत शाळा सुटलेली मी, नकाशा फारसा न पाहिलेली. खिडकीशी बसून वाटेतल्या गावांच्या पाट्या पाठ करत होते; कधी एकटीला परत जायची वेळ आली तर उपयोगी पडतील म्हणून. नांदेडपर्यंत जमलं. पुढे उलट्या व्हायला लागल्या आणि पाट्या गेल्या. घरात पाऊल टाकलं तेव्हा मला एवढंच माहीत होतं, की माझं गाव कुठेतरी मागे आहे.

तरीही या घरात मला पहिला माणूस मिळाला तो नानाच. माझ्या तोंडी "कायले", "मले", "तुले" असायचं आणि पाणवठ्यावर बायका तोंडाला पदर लावायच्या. मी घाबरून बोलणंच सोडलं होतं. मीठ हवं असलं तरी बोट दाखवायची. नानांच्या ते ध्यानात आलं. कुणाला एका शब्दानं ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी स्वतःच "कायले" म्हणायला सुरुवात केली. डेअरीवर, "दूध पातळ कायले म्हनतो रं?" सोसायटीत, "अंगठा कायले? सही येती मला." बाजारात, पारावर, मेंढरांशीसुद्धा. महिनाभरात आळीतली पोरं "कायले" म्हणायला लागली आणि एक दिवस जी बाई सगळ्यात जास्त हसायची तीच आपल्या नवऱ्याला म्हणाली, "उशीर कायले केला?" त्या दिवशी मी पहिल्यांदा मीठ तोंडानं मागितलं. नानांचे उपकार मोजायला बसले तर मी इथूनच सुरुवात करते.

पण माहेरी जाणं काही जमेना. अडवत कुणीच नव्हतं, हे आधी सांगितलं पाहिजे. पहिल्या खेपेला मुलगी पोटात होती, डॉक्टरीणबाई म्हणाल्या लांबचा प्रवास नको. बारशाला आई-वडीलच आले. मग कांदा लावायचा होता, मग काढायचा होता. आमच्या ह्यांच्यामागे दोन वेळच्या धारा; गाईंना सोडून हे शेजारच्या गावी मुक्कामाला जात नाहीत. सासऱ्यांना गाडी लागते. घरात मोकळा आणि प्रवासाची हौस असलेला माणूस एकच, नाना. आणि नानांबरोबर जायचं म्हणजे जाताना एक रात्र आणि येताना अर्धा महाराष्ट्र. तान्ही मुलगी घेऊन एवढे दिवस? कामाच्या दिवसांत? विचारलं तर सगळे जा म्हणतील आणि मनात काय म्हणतील, या धास्तीनं मी विचारतच नसे. तिकडे वडिलांचं अर्धं अंग गेलं. ते खाटेला लागले. फोन आला की आई तो त्यांच्या कानाला धरायची आणि ते एकच विचारायचे, "कवा येशीन वं माय?" मी म्हणायची, "कांदा निघाला का येतो बाबा." ते म्हणायचे, "ये बाप्पा. मी हाओच." ते आहेतच, या भरवशावर चार वर्षं गेली, आणि दर वेळी फोन ठेवताना तो भरवसा मला थोडा पातळ वाटायचा.

अशात नानांनी खोकं बाहेर काढलं. हे खोकं म्हणजे गेमचं कपाट, माणसाच्या उंचीचं, पुढे दांडा आणि बटणं, वर पडद्याची चौकट. नाना तरुण असताना आळेफाट्यावर एक व्हिडिओ गेमचं दुकान होतं. बाजारात लोकर विकून झाली की नाना तिथं उभं राहून विमानाचा गेम खेळायचे आणि बाहेर मेंढरं फाट्यावरची वाहतूक खेळायची. दुकान बंद पडलं तेव्हा मालकानं एका कोकराच्या बदल्यात ते रिकामं खोकं नानांना देऊन टाकलं. ते घरामागे उभं होतं आणि कोंबड्यांनी ते कधीच ताब्यात घेतलं होतं. मग नानांना कुणीतरी मोबाइलवर दाखवलं, की आता असे गेम एका वितीएवढ्या बोर्डात येतात आणि लोक घरी खोकी बनवतात. नानांनी बोर्ड मागवला, भंगारवाल्याकडून कॉम्प्युटरचा पडदा आणला, कोंबड्यांना नोटीस दिली आणि खोकं ओसरीत आणून उभं केलं. कोंबड्यांनी नोटीस मानली नाही. एक तांबडी कोंबडी शेवटपर्यंत खालच्या कप्प्यात अंडी घालायला येत राहिली.

खोकं चालू झालं आणि घरात भांडण चालू झालं. विमानाच्या गेमला पडदा उभा लागतो, कारण विमान खालून वर जातं. पण त्याच बोर्डात गाडी पळवायचा एक गेम होता, त्याला पडदा आडवा लागतो, आणि तो काकूंना सापडला. जन्मभर नानांच्या मागे बसून आडवाटेनं फिरलेल्या त्या बाईला पहिल्यांदाच एक सरळ रस्ता मिळाला होता. काकू गाडी चालवायच्या ती पदर खोचून, दात आवळून. सगळ्यांना मागे टाकायच्या, पण रस्त्याच्या कडेला म्हातारं माणूस दिसलं की थांबायच्या. "थांबला की नंबर जातो," म्हणून सांगितलं तर म्हणायच्या, "जाऊ दे. त्यो कुठवर चालंल?" आता पडदा उभ्याचा आडवा करायचा तर चार बोल्ट काढायला लागत, आणि काकूंची पाळी आली की नाना पाना शोधायला जात. पाना संध्याकाळपर्यंत सापडत नसे. शेवटी एक दिवस काकूंनी परात पालथी घातली आणि शांतपणे सांगितलं, "त्यो पडदा बटनावर आडवा व्हईल त्या दिशी भाकरी मिळंल."

अशी ती मोटार आली. नानांनी जुन्या मोटारसायकलच्या मागच्या चाकाचं हब पडद्याच्या पाठीला पत्र्यावर बसवलं, त्याला चेन लावली आणि चेन ओढायला भंगारातल्या पिकअपची वायपरची मोटार जोडली. खोक्याच्या आत दिवसाही अंधार असतो, म्हणून बॅटरी धरायला मी. हे काम माझ्याकडे कसं आलं ते आठवत नाही. बहुधा घरात नाही म्हणायला न शिकलेली मी एकटीच होते. रबरी चप्पल घालून, कशालाही अंग न लावता मी उभी असायची आणि दर थोड्या वेळानं विचारायची, "नाना, करंट?" नाना आतून म्हणायचे, "मोटारीला ट्रॅक्टरची बॅटरी हाय. बारा होल्टानं आजवर कोन मेलंय?" मग आत ठिणगी उडायची, नाना "आयला" म्हणायचे आणि जरा थांबून, "ह्यो येगळा व्हता," असं सांगायचे. वायपरची मोटार उघडून त्यांनी पाहिलं तेव्हा त्यांना कोण आनंद झाला. वायपरची काडी काचेवर जाते-येते खरी, पण आतली मोटार एकाच अंगाला फिरत असते. जाणं-येणं करतात ते पुढचे दांडे. नानांनी ती मोटार मांडीवर घेऊन कोकरासारखी थोपटली. "सूनबाई, ही आपल्या घरान्यातली हाय. माघारी फिरत न्हाई."

आणि ती त्यांनी माघारी फिरू दिली नाही. पहिल्यांदा बटण दाबलं, पडदा घरघरत पाव फेरी फिरला आणि आडवा झाला. काकूंनी भाकऱ्या थापल्या. जेवण झाल्यावर विमानासाठी परत बटण दाबलं, तर पडदा त्याच अंगानं आणखी पाव फेरी पुढे गेला. उभा झाला, पण खाली डोकं वर पाय. विमानं वरून खाली पडायला लागली. आमचे हे धार काढून आले होते, म्हणाले, "नाना, मोटारीच्या दोन वायरी उलट्यापालट्या जोडा, आल्या वाटेनं परत फिरंल." नानांनी त्यांच्याकडे अशी नजर टाकली, की हे किटली घेऊन परत गोठ्यात गेले. मग दोन दिवस विचार करून नानांनी तोडगा काढला. उभ्याचा आडवा करताना पडदा पाव फेरी जाणार. आडव्याचा उभा करताना पुढे पाऊण फेरी जाऊन जागेवर येणार. थांबायच्या जागी त्यांनी दाराच्या बेलची बटणं बसवली, त्यामुळे पडदा जागेवर आला की घरात पाहुणे आल्यासारखी बेल वाजायची आणि काकू सवयीनं चहा टाकायच्या. "जाताना पाव, येताना पाऊण," नाना म्हणाले. मला नागपूर, वर्धा, यवतमाळ, नांदेड आठवलं. मी बॅटरी दुसऱ्या हातात घेतली.

पडद्याला मागून तीन वायरी होत्या: विजेची, चित्राची आणि आवाजाची. पडदा एक पूर्ण फेरी फिरला की त्या तिघी एकमेकींना एक वेढा घालायच्या. बॅटरी माझ्या हातात, त्यामुळे ते दिसायचं मला. धाडस करून एकदा म्हटलं, "नाना, वायरींना पीळ बसतोय." नानांनी आत डोकावून पाहिलं आणि खूश झाले. लहानपणी त्यांनी घोंगडीसाठी लोकर कातलेली होती. "पीळ बसल्याबिगर लोकरीचा धागा व्हतो का?" ते म्हणाले. "बसू दे. पीळ जेवढा, तेवढा मजबूत." लोकरीबद्दल मला काही माहीत नव्हतं आणि वायरींबद्दलही नव्हतं. रात्री फोनवर वडिलांचा आवाज नेहमीपेक्षा खोल आला. "कवा येशीन" इतकंच कळलं, पुढचं आईनं सांगितलं: "तुह्याच नावाचा जप लावला हाये."

गावची यात्रा आली. नानांनी खोक्याला हार घातला. दुपारी मटणाची जेवणं झाली आणि नात्यातले सगळे पाहुणे ओसरीत गोळा झाले. नाना धुतलेलं धोतर नेसून बटणापाशी उभे. एक पाहुणा विमान मागायचा, दुसरा गाडी, आणि दर वेळी पडदा पाव जायचा, पाऊण यायचा, बेल वाजायची, लोक माना हलवायचे. खोक्याच्या मागे मी बॅटरी घेऊन. वायरींचा आता दोरखंड झाला होता, विहिरीला लावता आला असता. मी "नाना" म्हटलं, पण बाहेरच्या हलगीच्या आवाजात ते कुणाला ऐकू जाणार? कुणीतरी आणखी एकदा विमान मागितलं. पडदा अर्ध्यावर गेला, कण्हला, मोटार मात्र घराण्याला जागून पुढेच ओढत राहिली, आणि मग त्या पिळानं बोर्डच फळीवरून उचलला आणि खालच्या कप्प्यात टाकला, तिथं तांबडी कोंबडी बसलेली. पडदा काळा झाला, खोक्याच्या पोटातून कोंबडी ओरडत निघाली ती पाहुण्यांच्या डोक्यांवरून, आणि बोर्डावरून अंड्याचा बलक ओघळायला लागला. मग मढचे एक पाहुणे म्हणाले, "नाना, इंटरवल झाला का राव?" दुसरे म्हणाले, "न्हाई हो, जुन्नरावरनं येतोय पडदा. टाइम लागंल."

लोक हसत हसत कुस्त्या बघायला गेले. नाना खोक्यासमोर पायरीवर बसून राहिले. ह्यांनी जवळ जाऊन हळूच सांगितलं, "बोर्ड पुसला की चालंल. मोटार तेवढी उलटी फिरंल असं करा, वायरी आपोआप सुटत्याल." नाना म्हणाले, "माझ्या घरात कोन उलटं फिरनार न्हाई." हे आतापर्यंत त्यांनी शंभरदा म्हटलं असेल. पण त्या दिवशी काकू भांडी घासत होत्या त्या उठून आल्या, राखेच्या हातांनीच. आवाज चढवला नाही. "तुमचं खोकं ऱ्हाऊ द्या तिकडं," त्या म्हणाल्या. "ह्या पोरीचा बाप तिकडं खाटेवर पडलाय. चार वर्सं तिनं त्याचं तोंड बघितलं न्हाई. तुमच्यासंगं धाडावं तर तुमी तिला धा गावं फिरवून आननार, म्हनून ती तोंड उघडत न्हाई. सांगा आता घरान्याची रीत." मला जमिनीत शिरावंसं वाटलं. मी कधी काकूंना काही बोलले नव्हते. फोनवर बोलताना माझी पाठ कोणाकडे असते, तेवढ्यावरून बाईनं सगळं ओळखलं होतं. नानांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "तसं काही नाही नाना." ते उठले, मेंढरं सोडली आणि ओढ्याकडे निघून गेले.

संध्याकाळी ते कुठल्या वाटेनं आले ते मी पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी फाट्यावरच्या भंगारातून ते एक बटण घेऊन आले. मोटारगाड्यांत काचा वर-खाली करायला असतं तसलं. पुढे दाबलं की मोटार एकीकडे फिरते, मागे दाबलं की दुसरीकडे. दिवसभर ते खोक्यात डोकं घालून होते, मला बॅटरी धरायलाही बोलावलं नाही. चहाच्या वेळी हाक आली, "सूनबाई, बटन दाब." मी दाबलं. पडदा पाव फेरी गेला, आडवा झाला. "आता मागं दाब." मला दाबवेना. ज्या माणसानं मला मीठ मागायला शिकवलं त्याची रीत मोडायला माझंच बोट लागावं, याची मला भीती वाटत होती. नाना म्हणाले, "दाब की. कायले भेतीस?" मी दाबलं. पडदा थांबला, जरासा थरथरला, आणि आल्या वाटेनं पाव फेरी परत येऊन उभा राहिला. वायरी नुसत्या झुलल्या. बेल वाजली. आत काकूंनी चहाला आधण ठेवलेलंच होतं, त्यांनी त्यात आणखी एक कप पाणी वाढवलं. नाना पडद्याकडे बघत होते, माझ्याकडे नाही. "तुज्या गावाला कल्यानवरनं गाडी कंदी असती?" त्यांनी विचारलं.

आम्ही गेलो. माळशेज उतरून कल्याण, कल्याणहून रेल्वे. मुलगी नानांच्या मांडीवर झोपली. वडील खाटेवर होते, ओळखू येऊ नयेत इतके बारीक, पण मला बघून त्यांचा चालता हात वर झाला आणि माझ्या डोक्यावर आला तो बराच वेळ तिथंच राहिला. पुढचे दिवस नाना त्यांच्या खाटेशी बसून असायचे. दोघांना एकमेकांचं निम्मं बोलणं कळत नव्हतं. नाना मेंढरांबद्दल सांगायचे, वडील धानाबद्दल, दोघंही "हो ना" म्हणायचे. निघायच्या दिवशी वडिलांनी नानांचा हात धरला आणि अडखळत म्हणाले, "जिकडून आनली तिकडूनच नेजा. आन याच वाटेनं पुन्हा आनजा माह्या पोरीले." आता सगळ्या जगात ही मागणी नेमकी याच माणसाकडे करायची? मी पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिले. नानांनी मान हलवली.

भंडाऱ्याच्या स्टेशनावर ते गाड्यांच्या बोर्डासमोर इतका वेळ उभे राहिले, की मी मनात नांदेडपर्यंतच्या पाट्या म्हणायला लागले. मग खिडकीवर गेले आणि कल्याणची तिकिटं घेऊन आले. गाडीत ते उलट्या तोंडाच्या बाकावर बसले आणि डोळे मिटले. झोपले नव्हते, स्टेशन आलं की कपाळाला आठी पडायची. कल्याणला एसटीत बसल्यावर मात्र त्यांनी खिडकी धरली. गाडी माळशेजला लागली तसे ते हळूहळू पुढे वाकले. मढ जवळ आलं तेव्हा म्हणाले, "सूनबाई, जाताना ह्यो डोंगर पाठीमागं ऱ्हायला व्हता. आता अंगावर येतोय. हिकडनं हे धरनाचं पानी दिसलं का तुला जाताना?" मी म्हटलं, "नाही." थोडा वेळ विचार करून त्यांनी निकाल दिला, "म्हंजी ही वाट येगळीच की." घराण्याची रीत वाचली होती. घरी येऊन त्यांनी हे काकूंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "एवढं कळाया म्हातारं व्हावं लागलं," आणि गाडीचा गेम लावून बसल्या.

त्या वेगळ्या वाटेनं नानांनी मला पुढे आणखी दोनदा नेलं आणि आणलं. दुसऱ्या खेपेनंतर धान निघायच्या सुमारास वडील गेले. आता मला ती वाट पाठ आहे, एकटीही जाऊ शकते. फोनवर मात्र कवा येशीन म्हणून कुणी विचारत नाही. खोकं ओसरीत आहे. तांबडी कोंबडी परत आली आहे. काकूंची गाडी म्हाताऱ्या माणसांसाठी अजून थांबते.

नानांचे गुडघे हल्ली कुरकुरतात. डेअरीवरून ते आता डांबरी रस्त्यानंच परत येतात, आणि कुणी छेडलं तर सांगतात, "जाताना ऊन ह्या गालावर असतं, येताना त्या गालावर. वाट येगळी हाय, राव." ऐकणारे हसतात, मीही हसते. पण रोज सकाळी सडा टाकताना माझी नजर ओढ्याकडे जाते. बाभळी हलल्यासारख्या वाटतात, आणि मी बादली खाली ठेवून थोडा वेळ बघत राहते, डोक्यावर किटल्या धरून कुणी वर चढतंय का.